स्टिअरिंग नसलेली गाडी

“आत्या, याला स्टिअरिंगच नाही!”

माझा अकरा वर्षांचा भाचा चालकाच्या खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर दोन्ही हात फिरवत होता. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, 1977 साली सुरू झालेलं. तिथे डिझेल इंजिनाचा सिम्युलेटर आहे. आम्ही संभाजीनगरहून निघालो तेव्हाच भाच्याने सांगून ठेवलं होतं, लाल किल्ला नंतर, आधी हे. बाहेर अंगणात खरीखुरी इंजिनं ओळीने उभी होती आणि लोक त्यांच्यापुढे फोटो काढत होते. सिम्युलेटरपाशी मात्र रांग होती. बऱ्याच वेळाने त्याचा नंबर लागला. समोर मोठा पडदा, पडद्यावर लांबवर गेलेले रूळ, हाताशी तरफा आणि हवेचा दाब दाखवणारे काटे.

पहिल्या फेरीत गाडी झकास निघाली. त्याने नॉच, म्हणजे इंजिनाच्या शक्तीच्या पायऱ्या, वाढवत नेल्या, वेग चढला, झाडं मागे पळू लागली. स्टेशन दिसलं तशी त्याने ब्रेकची तरफ ओढली. गाडी थांबेना. अख्खा फलाट डोळ्यांदेखत मागे गेला आणि गाडी पुढे शेतात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या फेरीत त्याने इतका धसका घेतला की फलाट यायच्या कितीतरी आधीच गाडी ठप्प. मागे पोरं खोळंबली होती, तिसरी फेरी मिळाली नाही. परतताना सचखंड एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक थांब्याला तो खिडकीला नाक लावून बसायचा. ब्रेक कधी लागला, फलाट कधी सुरू झाला, आपला डबा नेमका कुठे उभा राहिला, हे सगळं तो वहीत टिपत होता. मी जन्मभर रेल्वेने फिरते आहे. गाडी कशी थांबते, याकडे मी त्या दिवसापर्यंत एकदाही लक्ष दिलेलं नव्हतं.

त्याचा पहिला प्रश्न मोठा लाखमोलाचा होता. स्टिअरिंग नाही, मग गाडी वळते कशी? बहुतेक जण सांगतात, चाकाला आतल्या बाजूने कडा असते, ती रुळाला धरून ठेवते. कडा असते हे खरं, पण ती अगदी शेवटचा आधार म्हणून. नेहमीचं काम चाकाचा आकार करतो. हे घरी करून बघण्यासारखं आहे. चहाचे दोन कागदी कप घ्या, त्यांची तोंडं एकमेकांना लावून चिकटपट्टीने जोडा. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी जोडी तयार होईल. दोन काठ्या शेजारी शेजारी, जराशा उतरत्या धरून त्यांच्यावरून ही जोडी सोडा. ती थोडी डुलेल, पण खाली पडणार नाही. जोडी उजवीकडे सरकली की उजव्या काठीवर कपाचा जाड भाग येतो आणि डाव्या काठीवर बारीक. जाड भाग एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, त्यामुळे जोडी आपसूक डावीकडे वळते. डावीकडे जास्त गेली तर उलट. रेल्वेचं चाकही असंच किंचित निमुळतं घडवलेलं असतं आणि दोन चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. वळणावर जोडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर, आणि हजार टनांची गाडी कुणीही न वळवता वळते. भाच्याने हा प्रयोग गच्चीवर दोन बांबूंवर केला तेव्हा शेजारची सगळी मुलं गोळा झाली. कप रस्ता शोधत शोधत खाली येतात ते बघताना मोठ्या माणसांच्याही तोंडून ‘अरे!’ निघतं.

म्हणजे वळवण्याचं काम चाकांनी घेतलं. चालकाकडे उरलं काय? गाडी चालवणाऱ्याला विचारा, तो सांगेल: थांबवणं.

पोलादी चाक पोलादी रुळावर टेकतं ती जागा असते जेमतेम बोटाच्या नखाएवढी. दोन्ही पदार्थ कडक, त्यामुळे चाक दबत नाही आणि फिरताना शक्ती वाया जात नाही. रस्त्यावरच्या रबरी टायरच्या मानाने रेल्वेच्या चाकाला अंदाजे एक दशांश इतकाच अडथळा होतो. म्हणून तर एक इंजिन वीस-बावीस डबे सहज ओढतं, आणि शक्ती बंद केली तरी गाडी मैलोन्‌मैल नुसती घरंगळत राहते. रेल्वेचा सगळा स्वस्तपणा या गुळगुळीतपणातून आला आहे. पण जे चाक सहज पळतं, तेच थांबताना पकड देत नाही. पहिल्या पावसाची भुरभुर झाली, रुळावर ओल्या पानांचा चिखल बसला, की चाकं जागच्या जागी फिरतात किंवा ब्रेक लावल्यावर न फिरता घसरत जातात. इंजिनात वाळूचे डबे असतात ते याचसाठी. चालक बटण दाबतो आणि चाकापुढे रुळावर वाळूची बारीक धार पडते.

जरा आकडेमोड करू. गाडीचा वेग ताशी 100 किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला सेकंदी अर्धा मीटर इतका वेग कमी होतो असं धरा. गाडी थांबायला 56 सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात ती 770 मीटर पुढे जाईल. आता वेग निम्मा करा, ताशी 50. थांबायला लागतात 28 सेकंद, पण अंतर होतं अवघं 190 मीटर. वेग निम्मा झाला की अंतर चौथाई होतं. हे गणित शाळेत फळ्यावर शिकवतात तेव्हा कोरडं वाटतं. फलाट डोळ्यांसमोरून निघून जातो तेव्हा ते पोटात गोळा आणतं आणि पुन्हा विसरलं जात नाही.

त्यात ब्रेक लगेच लागतही नाही. 1872 साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने जी युक्ती काढली, तिच्यावरच जगातल्या बहुतेक गाड्या आजही थांबतात. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. आपल्याकडे त्या नळीत दर चौरस सेंटीमीटरला 5 किलो दाबाने हवा भरलेली असते. चालकाला ब्रेक लावायचा असतो तेव्हा तो हवा सोडून देतो. नळीतला दाब उतरला की प्रत्येक डब्याखालची झडप डब्याजवळ साठवलेली हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये सोडते आणि ब्रेक चाकाला जाऊन भिडतात. उलट बाजूने विचार केला आहे वेस्टिंगहाऊसने, आणि शहाणपण तिथेच आहे. कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तर नळी फुटते, हवा आपोआप जाते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक लागून ते थांबतात. आपण साखळी ओढतो तेव्हाही याच नळीतली हवा बाहेर पडते. पण अर्धा किलोमीटर लांबीच्या गाडीत इंजिनापाशी दाब उतरल्याची वर्दी शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला दीड-दोन सेकंद जातात. तोवर पुढचे डबे अडले आणि मागचे धावतच आहेत. अडाणीपणाने ब्रेक लावला तर मागचा भार पुढच्यावर येतो, डबे हिसकतात आणि वरच्या बर्थवर झोपलेला माणूस दचकून उठतो. ब्रेक सोडल्यावर नळीत पुन्हा हवा भरायलाही वेळ लागतो. घाईने दोन-तीनदा लावला-सोडला तर ऐन गरजेच्या वेळी हवाच कमी पडते.

चांगला सिम्युलेटर हे सगळं मोजतो. पडद्यावर दिसणारं चित्र हा त्याचा वरवरचा भाग. आत संगणक सेकंदाला कितीतरी वेळा प्रत्येक डब्यासाठी हिशेब मांडत असतो. या क्षणी या डब्याला पुढून किती ओढ आहे, मागून किती रेटा आहे, तो चढावर आहे की उतारावर, त्याच्या सिलिंडरमध्ये हवा किती भरली, वळणाने किती अडवलं. त्या बेरजेतून वेग निघतो, वेगातून पुढची जागा निघते, आणि मग चित्र इवलंसं पुढे सरकतं. लगेच पुन्हा सगळा हिशेब नव्याने. चढाचंच बघा. मुंबईहून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने येताना कसारा लागतो. तिथून इगतपुरीपर्यंत चढाचं प्रमाण 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. हजार टनांच्या गाडीला तो उतार 27 टन जोराने मागे खेचत असतो. म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात. आपण तेवढ्यात वडापाव घेतो आणि गाडी का थांबली म्हणून कुरकुरतो. सिम्युलेटरमध्ये ही जोड न लावता तो चढ चढायचा प्रयत्न करून बघा. गाडी हळूहळू मंदावते, चाकं नुसती गरगर फिरतात, आणि मग ती मागे सरकायला लागते. एकदा हे अनुभवलं की कसाऱ्याच्या थांब्यावर कुरकुर करावीशी वाटत नाही.

या खेळाची गंमत जपानी लोकांनी सर्वांत आधी नेमकी ओळखली. टाइतो कंपनीने 1996 मध्ये ‘देन्शा दे गो!’ नावाचं यंत्र खेळांच्या दुकानांत आणलं. डाव्या हाताला वेगाची मूठ, उजव्या हाताला ब्रेकची. गोळ्या झाडायच्या नाहीत, कुणाला हरवायचं नाही. वेळेवर निघायचं, वेळेवर पोचायचं, आणि फलाटावरच्या खुणेपाशी नेमकं थांबायचं. किती चुकलात यावर गुण कापले जायचे. अशा खेळाला गर्दी लोटेल असं कुणाला वाटलं असतं? ती लोटली. रोज ज्या गाडीने कामाला जायचं, तीच गाडी संध्याकाळी आपल्या हाताने थांबवून बघायला माणसं पैसे देऊन उभी राहिली.

2001 साली मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर घरच्या संगणकावर आला. त्यात सहा मार्ग होते, त्यांपैकी एक इंग्लंडचा सेटल ते कार्लाइल. हा मार्ग 1980 च्या दशकात बंद व्हायच्या बेतात होता. लोकांनी आंदोलन करून 1989 मध्ये तो वाचवला, आणि बारा वर्षांनी जगभरातली मुलं घरबसल्या तो चालवू लागली. त्या सिम्युलेटरला मायक्रोसॉफ्टने पुढे वाऱ्यावर सोडलं, पण हौशी मंडळींनी सोडलं नाही. त्यांनी ‘ओपन रेल्स’ नावाची मोफत आवृत्ती स्वतः लिहिली, ती आजही चालते आणि सुधारत राहते. भारतातल्या हौशी मुलांनी आपली इंजिनं, आपले निळे डबे, आपले सिग्नल त्यात बनवले. मोबाइलवर खेळायचा ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्ह कंपनीने काढला, तो तर खेड्यापाड्यातल्या पोरांच्या हातात आहे. फाटकाच्या अलीकडे रुळालगत ‘सी/फा’ अशी पाटी असते. सीटी वाजवा, पुढे फाटक आहे, असा तिचा अर्थ. तो मला माझ्या भाच्याने सांगितला आणि त्याला या खेळाने.

असा मार्ग बनवायचा म्हणजे काय उद्योग असतो, हे ऐकून मी थक्क झाले. आधी जमीन लागते. खऱ्या जमिनीचा चढउतार. 2000 सालच्या फेब्रुवारीत ‘एंडेव्हर’ हे अमेरिकेचं अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने त्याने जगातल्या जवळपास 80 टक्के जमिनीची उंची मोजली. ती मापं पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. मार्ग बनवणारा मुलगा ती उतरवून घेतो, सिम्युलेटरमध्ये घालतो, आणि रिकाम्या पडद्यावर डोंगर उभे राहतात. दौलताबादच्या स्टेशनाजवळून गाडी जाते तेव्हा खिडकीतून दिसणारा देवगिरीचा तो सुळका त्या मापांत आहे. यादवांच्या काळात माणसांनी छिन्नीने ज्याच्या कडा तासल्या, तो डोंगर अंतराळातून मोजला गेला आणि आता एखाद्या मुलाच्या टेबलावर उभा राहू शकतो. मग त्याच्या पायथ्याशी रूळ टाकायचे, सिग्नल लावायचे, स्टेशनांची छपरं, पाण्याच्या टाक्या, बाभळी, विजेच्या तारा. एकेका मार्गावर लोक वर्षानुवर्षं रात्री जागवतात, आणि झाल्यावर फुकट वाटून टाकतात.

आणि इथे मला आपल्या मार्गाबद्दल बोलायचं आहे.

आपल्या शहरातून जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळात झाला. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे असं त्याचं नाव. 1900 च्या सुमारास मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब रूळ पडले. ते मीटरगेजचे होते, म्हणजे दोन रुळांत 1 मीटर अंतर. मनमाडच्या पलीकडे मुंबईचा मार्ग ब्रॉडगेज, दोन रुळांत 1676 मिलिमीटर. या 676 मिलिमीटरच्या फरकाने मराठवाड्याच्या तीन-चार पिढ्यांचं आयुष्य घडवलं. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरायचं, वळकटी, ट्रंक, पोरंबाळं घेऊन दुसऱ्या गाडीत शिरायचं. मालाचं तर विचारूच नका. इकडचा डबा तिकडे जात नसल्याने पोतं न् पोतं हातांनी उतरवून पलीकडच्या डब्यात भरावं लागे. मराठवाड्यात कारखाने यायला उशीर का झाला, याची कारणं अनेक आहेत. त्यात हे एक मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे. रुंद रुळांसाठी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली, तेव्हा कुठे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मनमाड ते औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला. आता त्यावर वंदे भारत धावते, विजेच्या तारा आल्या आहेत, आणि 2025 पासून स्टेशनाच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर हे नाव आहे. हे सगळं हवंच होतं. त्या छोट्या रुळांसाठी उसासे टाकावेत असं मला वाटत नाही.

पण रूळ गेले तसं त्यांच्याबरोबर एक ज्ञानही गेलं, आणि ते कुठेही ठेवलेलं नाही.

माझे वडील नोकरीनिमित्त या मार्गाने सतत फिरत. अजंता एक्स्प्रेस तेव्हा मीटरगेजवरून धावायची, पुढे वाफेचं इंजिन. ते घड्याळ हातात धरून गाडीचा वेग सांगायचे आणि आम्हा मुलांना ती जादू वाटायची. जादूचं गणित त्यांनी नंतर सांगितलं. मीटरगेजच्या रुळाचा एक तुकडा 12 मीटरचा. दोन तुकड्यांच्या सांध्यावर चाक आलं की ‘खट्’ आवाज येतो. 43 सेकंदांत असे जितके आवाज ऐकू येतील, तितके किलोमीटर ताशी गाडीचा वेग. पडताळून बघा: 43 सेकंदांत 40 खट् म्हणजे 480 मीटर, आणि त्या हिशेबाने तासाला 40 किलोमीटर. ब्रॉडगेजचा तुकडा 13 मीटरचा, तिथे 47 सेकंद मोजायचे. आता रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब अखंड केले आहेत, त्यामुळे तो ठेका जवळजवळ गेला. भाच्याला हे सांगितलं तर त्याने ओपन रेल्समध्ये जुन्या रुळांचा मार्ग लावला, डोळे मिटून मोजलं आणि डोळे उघडून वेगाचा काटा बघितला. जुळलं. वडील गेल्यावर कितीतरी वर्षांनी त्यांची युक्ती आमच्या बैठकीच्या खोलीत, संगणकाच्या स्पीकरमधून पुन्हा खरी ठरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

वाफेच्या इंजिनाची गोष्ट तर याहून खोल आहे. स्वातंत्र्यानंतर देशभर मीटरगेजवर प्रवासी गाड्यांना ‘वायपी’ आणि मालगाड्यांना ‘वायजी’ जातीची इंजिनं असत. त्यांतली बरीचशी जमशेदपूरला टेल्कोने बांधलेली. अशी इंजिनं आज ठिकठिकाणी स्टेशनाबाहेर रंगरंगोटी करून चौथऱ्यावर उभी असतात. पोरं त्यांच्यावर चढतात, शिट्टीची तार ओढून बघतात, ती वाजत नाही. भट्टी थंड आहे. त्या इंजिनाबद्दल जाणून घ्यायचं ते सगळं त्या भट्टीत आग असतानाच कळतं.

सिम्युलेटरमध्ये ते पेटवून बघा. ओपन रेल्समध्ये फायरमनचं काम संगणकाकडे सोपवता येतं, तसं स्वतःकडेही घेता येतं. ते स्वतःकडे घ्या. कोळसा एकदम भरपूर टाकला तर आग दबते, काळा धूर निघतो आणि वाफेचा दाब उतरतो. कमी टाकला तर आगीला भोकं पडतात, थंड हवा आत शिरते, दाब पुन्हा उतरतो. बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं की दाब खाली. नाही सोडलं तर पाण्याची पातळी घसरते, आणि भट्टीच्या माथ्यावरचं पाणी सरलं तर माथा तापून स्फोटाची भीती. काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, पण चढावर इंजिन कललं की तीही फसवते. म्हणजे पुढे चढ येणार आहे हे फायरमनला चढ यायच्या आधी दहा मिनिटं ठाऊक हवं. आत्ता कोळसा टाकला तर वाफ तेव्हा मिळेल. उतार कुठे लागतो, पाणी कुठे भरायचं, हे त्याला पाठ असायचं. रात्री, पावसात, डोळ्यांत कोळशाची भुकटी असताना. ही विद्या पुस्तकात कमी आणि मनगटात जास्त होती. माझ्या भाच्याने पहिल्यांदा हे केलं तेव्हा आठ किलोमीटरमध्ये इंजिनाचा दम संपला. गाडी मधेच उभी. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, “आत्या, हे लोक रोज करायचे?”

लोखंड जपणं सोपं आहे. त्याला रंग द्या, छप्पर घाला, ते टिकतं. माणसाच्या हातातली जाण जपायची तर कुणाच्या तरी हातात ती पुन्हा यावी लागते. एखाद्या रेल्वे वारसा उत्सवात मांडलेलं सिम्युलेटरचं टेबल मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. पोरांना गुंतवून ठेवायचा कोपरा म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. खुद्द रेल्वेही आपल्या चालकांना अशाच यंत्रांवर घडवते. चालक केबिनमध्ये बसतो, मागच्या खोलीतला प्रशिक्षक त्याच्यापुढे एकदम धुकं आणतो, रुळावर जनावर आणतो, ब्रेक निकामी करतो. चालक आणि साहाय्यक प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात, तेही तिथे घोटवून घेतलं जातं. दोन पिवळे म्हणजे पुढच्या सिग्नलला सावध राहायचं, एक पिवळा म्हणजे पुढचा लाल असू शकतो. चालकाने मिनिटभर कुठलीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, तरी हालचाल नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावून घेते. आपण रात्री डब्यात निर्धास्त झोपतो, ते या एवढ्या जागेपणाच्या भरवशावर.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय 1998 पासून आहे. एका माणसाच्या ध्यासातून काय होऊ शकतं ते तिथे दिसतं. इवल्या गाड्या वेळच्या वेळी धावतात, सिग्नल बदलतात, आणि आजोबा-नातू शेजारी उभे राहून बघतात. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्या आठवणीत रेल्वे आपला सप्ताह साजरा करते. माझं म्हणणं इतकंच आहे की एखाद्या एप्रिलमध्ये आपल्या शहरातही दोन दिवसांचा रेल्वे वारसा मेळा व्हावा आणि त्यात मनमाड ते औरंगाबाद हा 1970 च्या काळातला मीटरगेजचा मार्ग पडद्यावर असावा. अंकाईचा डोंगर, नगरसूल, रोटेगाव, लासूर, दौलताबाद. पुढे वायपी इंजिन. एका मुलाच्या हातात रेग्युलेटर, दुसऱ्याच्या हातात फावडं, आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेला एखादा निवृत्त फायरमन, ‘आता नको टाकू, लासूर सुटल्यावर टाक’ असं सांगणारा.

जमीन अंतराळातून मोजून मिळाली आहे. सिम्युलेटर मोफत आहे. हौशी मुलं आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेकड्यांनी आहेत. जे नाही ते तुमच्या घरात असू शकतं. जुन्या स्टेशनाचा फोटो, ज्यात फलाटावरची पाण्याची सोंड दिसते. रेल्वेतल्या आजोबांचं कामाचं वेळापत्रक, ज्यात कुठे किती वेगाने जायचं ते छापलेलं आहे. एखादी कॅसेट, जिच्यात लग्नाच्या वऱ्हाडाच्या गलक्यामागे इंजिनाची शिट्टी आली आहे. ते रद्दीत देऊ नका. मनमाड, परभणी, पूर्णा, नांदेडला ज्यांनी इंजिनावर नोकरी केली, त्यांच्यापैकी कुणी तुमच्या गल्लीत राहत असतील तर या रविवारी त्यांच्याकडे जा, फोन समोर ठेवा आणि विचारा, चढ यायच्या आधी कोळसा कधी टाकायचा? 1985 साली पंचविशीत असलेला फायरमन आज पासष्टीला पोचला आहे.